चालू खेळाची नोंद : जपानी गेम सेंटरांतील वह्या व अनियतकालिके (१९७८–१९८९)

खेळांचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन प्रकारच्या साधनांवर भर दिला जातो : खेळाचे नियम आणि नामांकित खेळाडूंचे जयापजय. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ह्यांना तिसऱ्या साधनाची जोड मिळाली, ती यंत्राची. कोणत्या कंपनीने कोणता खेळ कोणत्या वर्षी बाजारात आणला, त्याची रचना कोणी केली, त्याची विक्री कशी झाली, ह्या तपशिलांवर बहुतेक इतिहासग्रंथ उभे आहेत. परंतु हाती घेतलेला खेळ अद्याप पुरा व्हावयाचा असताना खेळणारे त्याविषयी एकमेकांस काय सांगत होते, हा प्रश्न ह्या साधनांतून सुटत नाही. प्रस्तुत निबंधात ह्याच प्रश्नाचा विचार जपानमधील एका दशकापुरता केला आहे.

हा प्रश्न गौण मानण्याचा प्रघात आहे; तथापि व्हिडिओ गेमचे स्वरूप पाहता तो गौण ठरत नाही. बुद्धिबळ, सोंगट्या किंवा गंजिफा खेळावयास बसणाऱ्यास नियम आधीच ठाऊक असतात. त्याचा अभिप्राय चालीविषयी असतो, नियमांविषयी नसतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र नियम यंत्राच्या पोटात दडलेले असतात व ते खेळता खेळता, बहुधा हरता हरता, शोधून काढावे लागतात. म्हणून चालू खेळावरील अभिप्रायात आवडनिवड आणि नियमांचा शोध ही दोन्ही एकत्र नांदतात. जपानमध्ये ह्या अभिप्रायांना लेखी रूप कसे आले, हे पाहिले असता खेळाची पूर्णता केवळ निर्मात्याच्या हाती नव्हती, असे दिसून येते.

१. मौखिक अवस्था

१९७८ मध्ये ताइतो कंपनीने तोमोहिरो निशिकादो ह्यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मेजाच्या आकाराची त्याची यंत्रे कॉफीगृहांतून बसविण्यात आली आणि १०० येनचे नाणे टाकून खेळणाऱ्यांची तेथे गर्दी होऊ लागली. पडद्याच्या वरच्या भागातून मधूनमधून एक तबकडी सरकत जाई व ती पाडल्यास मिळणारे गुण दर वेळी वेगळे असत. वरवर पाहता हा केवळ दैवाचा भाग वाटे. परंतु तेविसाव्या गोळीस व त्यानंतर प्रत्येक पंधराव्या गोळीस तबकडी पाडली असता ३०० गुण मिळतात, असे खेळाडूंच्या ध्यानात आले. खेळाडू मग गोळ्या मोजू लागले. ज्याला प्रथमदर्शनी योगायोग समजले गेले, त्यामागे मोजता येण्याजोगा क्रम आहे, हे निरीक्षणाने सिद्ध झाले होते.

दुसरा शोध अधिक बोलका आहे. शत्रूंची रांग अगदी तळाशी येऊन ठेपली की तिच्यातून सुटणारे अस्त्र खेळाडूच्या तोफेस लागत नाही. ही त्रुटी हेरून शत्रूंना मुद्दाम खाली येऊ द्यावयाचे आणि मग त्यांना टिपावयाचे, ह्या युक्तीला ‘नागोया-उची’, म्हणजे नागोयाची गोळाबारी, असे नाव पडले. युक्तीस शहराचे नाव मिळाले, ह्यावरून ती गावोगाव तोंडी पसरत गेल्याची खूण पटते. तिचा मूळ शोधक कोण, ह्याची नोंद मात्र राहिली नाही. मौखिक परंपरेचा हा नित्याचा अनुभव आहे : शोध टिकतो, शोधक विस्मृतीत जातो.

२. वदंता आणि अनियतकालिके

१९८३ मध्ये नामको कंपनीच्या ‘झेव्हियस’ ह्या खेळाने जपानी गेम सेंटरांत मोठी खळबळ उडविली. मासानोबु एंदो ह्यांनी रचलेल्या ह्या खेळात वरून दिसणाऱ्या भूप्रदेशावरून एक विमान पुढे जात असते. त्या भूमीत एंदो ह्यांनी अनेक गोष्टी दडवून ठेविल्या होत्या. जमिनीवर कोणतेही चिन्ह नसलेल्या जागी बाँब टाकला असता जमिनीतून गुप्त मनोरे वर येत. विशिष्ट रीतीने बाँब टाकल्यास रचनाकाराच्या टोपणनावाची अक्षरे उमटत. एवढे दडलेले आहे म्हटल्यावर आणखीही काही दडलेले असले पाहिजे, असा तर्क खेळाडूंनी करणे स्वाभाविक होते.

ह्या तर्कातून वदंता निर्माण झाल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वदंता ‘बाकुरा’ नामक फिरत्या फळ्यांविषयीची होय. ह्या फळ्या गोळ्यांनी फुटत नाहीत. परंतु एकाच फळीवर २५६ गोळ्या लागल्या तर ती फुटते, असे सांगितले जाई. वस्तुतः ती फुटत नाही. मग २५६ हाच आकडा का? आठ बिटांच्या संख्येला २५६ मूल्ये घेता येतात, हे संगणकाची थोडी ओळख असलेल्यास ठाऊक असते. म्हणजे वदंता खोटी असली तरी तिच्यामागील अनुमान अडाणीपणाचे नव्हते. यंत्राच्या अंतर्रचनेविषयी खेळाडूंची कोणती समजूत होती, ह्याचा ती पुरावा आहे. आणि ह्या दृष्टीने खोट्या बातमीचेही ऐतिहासिक मूल्य खऱ्या बातमीइतकेच ठरते.

ह्याच वर्षी हे ज्ञान कागदावर उतरू लागले. ‘झेव्हियस’मध्ये एक कोटी गुणांपर्यंत पोहोचण्याची रीत सांगणारी एक पुस्तिका खेळाडूंनीच तयार करून वितरित केली. तोक्योच्या उपनगरात वाढलेल्या सातोशी ताजिरी ह्या तरुणाने १९८३ मध्येच ‘गेम फ्रीक’ हे अनियतकालिक सुरू केले. प्रारंभी ते हाताने लिहिलेले असे व त्याच्या प्रती काढून पाने टाचली जात. केन सुगिमोरी हे त्याचे वाचक पुढे त्याचे चित्रकार झाले. जपानमध्ये १९७५ पासून भरत असलेल्या ‘कॉमिक मार्केट’ ह्या मेळाव्यामुळे अशा स्वयंप्रकाशित पुस्तिकांची प्रथा तरुणांत रुळलेली होती. खेळाविषयीचे लेखन ह्या तयार पात्रातून वाहू लागले.

विद्वानांचेही लक्ष लौकरच ह्या घडामोडींकडे गेले. धर्मशास्त्राचे अभ्यासक शिनिची नाकाझावा ह्यांनी १९८४ मध्ये ‘झेव्हियस’वर निबंध लिहिला व त्यात खेळाडू यंत्रातील दोषांशी कसे खेळतात, ह्याचा विचार मांडला. एका नाण्याच्या करमणुकीची वैचारिक नियतकालिकाने दखल घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

३. वही

‘झेव्हियस’मधील गुप्त गोष्टी सापडल्या नाहीत तरी खेळ अडत नसे. एंदो ह्यांच्या पुढील कृतीत ही सवलत उरली नाही. १९८४ मध्ये नामकोने प्रसिद्ध केलेल्या ‘द टॉवर ऑफ द्रुआगा’ ह्या खेळात गिल नावाच्या वीराने साठ मजल्यांचा मनोरा चढून जाऊन काइ ह्या पुजारिणीची सुटका करावयाची असते. कथेस बाबिलोनी पुराणांचा आधार आहे. प्रत्येक मजला म्हणजे एक चक्रव्यूह. किल्ली मिळवावी आणि दार उघडून वर जावे. परंतु मजल्यामजल्यावर गुप्त पेट्याही असतात आणि ठराविक कृती केल्यावाचून त्या दृष्टीस पडत नाहीत. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे चिखलप्राणी मारले की पेटी प्रकट होते व तीत भिंत फोडण्याची तांब्याची कुदळ मिळते. पुढे पुढे मात्र अटी इतक्या विलक्षण होत जातात की एकट्याने त्यांचा अंदाज बांधणे जवळजवळ अशक्य व्हावे. एके ठिकाणी तर खेळ चालू असताना यंत्राचे आरंभाचे बटण दाबावे लागते. अटी कोठेही सांगितलेल्या नाहीत आणि काही वस्तू हाती नसतील तर शेवट गाठता येत नाही.

एका खेळाडूने प्रत्येक प्रयोगासाठी नाणे खर्चावयाचे म्हटले तर साठ मजल्यांचे गूढ उकलण्यास लागणारा पैसा शाळकरी मुलांच्या आवाक्याबाहेरचा होता. ह्या अडचणीतून वाट काढणारे साधन गेम सेंटरांत उपलब्ध होते. तेथे सर्वांसाठी एक वही ठेविलेली असे. जो येईल त्याने तीत लिहावे, आधीचे वाचावे, चित्र काढावे, प्रश्न विचारावा, अशी तिची पद्धत. जपानी खेळाडूंत ती ‘कम्युनिकेशन नोट’ ह्या नावाने ओळखली जाई. अमुक मजल्यावर काय केल्याने पेटी आली, काय करूनही आली नाही, हे एकाने लिहावे व दुसऱ्याने आपले नाणे टाकून त्याचा पडताळा घ्यावा, अशा रीतीने अनुभव साठत गेला.

ह्या पद्धतीचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला, नोंद करणारा बहुधा टोपणनावाने लिही. म्हणून विधानाचे वजन व्यक्तीवर नव्हे, पडताळ्यावर अवलंबून असे. दुसरा, फसलेल्या प्रयोगाची नोंदही उपयुक्त होती, कारण तिच्यामुळे पुढच्याचे नाणे वाचे. तिसरा, लिहिणारा स्वतः मनोऱ्याच्या मध्यावर असे. खेळ संपवून निर्णय देणाऱ्या परीक्षकाची तटस्थता त्याच्यापाशी नव्हती. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि म्हणूनच त्याला वाचकाची गरज होती. यंत्राची रचना नामकोची होती. परंतु खेळ शेवटास नेण्याचे काम बहुतेकांच्या बाबतीत अशा सामुदायिक नोंदींमुळेच शक्य झाले.

४. अभिप्रायाचे गुणांकन

१९८० च्या दशकाच्या मध्यास परिस्थिती पालटली. गेम सेंटरे म्हणजे मुले बिघडण्याची ठिकाणे, अशी टीका समाजात होत होती. १९८४ मध्ये दुरुस्त झालेल्या व १९८५ च्या फेब्रुवारीत अंमलात आलेल्या कायद्यान्वये ती परवान्याच्या कक्षेत आली आणि मध्यरात्रीनंतर ती चालू ठेवण्यास मनाई झाली. दुसरीकडे निंतेंदो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ह्या १९८३ च्या यंत्राने खेळ घरात आणला. ‘द्रुआगा’ची घरगुती आवृत्ती १९८५ मध्ये निघाली. घरी बसून खेळणाऱ्यास गेम सेंटरातील वही उपलब्ध नव्हती. तिची जागा छापील मार्गदर्शिकेने घेतली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची मार्गदर्शिका १९८५ मध्ये जपानमधील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गणली गेली, ह्यावरून ह्या गरजेची व्याप्ती कळून येते.

१९८६ मध्ये दोन नियतकालिके निघाली व त्यांनी दोन निरनिराळे मार्ग दाखविले. ‘गेमेस्ट’ हे मासिक गेम सेंटरांतील खेळाडूंच्या मंडळातूनच जन्मास आले. ‘फामिकॉन त्सूशिन’, म्हणजे पुढे ‘फामित्सु’ म्हणून ख्याती पावलेल्या नियतकालिकाने, त्याच वर्षी चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण देण्याची पद्धत सुरू केली. खेळ विकत घ्यावा की न घ्यावा, हा ग्राहकाचा प्रश्न तिने सोडविला. परंतु अभिप्रायाचे कार्यच त्यामुळे बदलले. वहीतील वाक्य ‘येथे असे करून पाहा’ ह्या स्वरूपाचे होते. गुणांक म्हणजे निकाल. पहिल्याला उत्तराची अपेक्षा असते, दुसरा चर्चा मिटवितो. एक पद्धत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु इतिहासकाराने दोहोंची सरमिसळ केल्यास दोहोंचाही अर्थ बिघडतो.

५. साधनांची स्थिती

येथे जतनाचा प्रश्न उपस्थित होतो. खेळांची यंत्रे व आज्ञावली जतन करण्याचे प्रयत्न होत आहेत. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाने २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. अनियतकालिकांनाही, कॉमिक मार्केटचे एक संस्थापक योशिहिरो योनेझावा ह्यांच्या नावाने मेइजी विद्यापीठाने २००९ मध्ये उघडलेल्या ग्रंथालयामुळे आश्रय लाभला आहे. वही मात्र दुकानाच्या मालकीची, एकाच प्रतीची आणि भरली की निरुपयोगी वाटणारी वस्तू. दुकान बंद पडले की तिचा अंतही ठरलेला. ‘द्रुआगा’ आज सहज खेळता येतो. परंतु साठही मजल्यांच्या अटी आता कोणासही क्षणात वाचावयास मिळतात. त्या माहीत नसण्याचा अनुभव, जो ह्या खेळाचा गाभा होता, तो यंत्र जपून जपता येत नाही. त्याचा पुरावा वहीच्या पानांतच होता.

६. उपसंहार

ह्या लेखनपरंपरेचा पुढील प्रवास लक्षणीय आहे. अनियतकालिकाचेच नाव धारण करून ताजिरी ह्यांनी १९८९ मध्ये कंपनी स्थापिली व त्याच वर्षी तिचा ‘क्विंटी’ हा पहिला खेळ नामकोनेच प्रसिद्ध केला. ज्या कंपनीच्या खेळांवर नोंदी लिहिल्या, तिनेच नोंद करणाऱ्याची कृती स्वीकारली. १९९६ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’च्या दोन आवृत्त्यांपैकी प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम वगळलेले होते, दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्यावाचून संग्रह पुरा होत नसे. वहीच्या प्रथेशी ह्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे असे नाही. परंतु एकट्याने पुरा न होणारा खेळ, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. २००९ च्या ‘डेमन्स सोल्स’मध्ये तर एका खेळाडूने जमिनीवर लिहिलेला संदेश दुसऱ्यास त्याच्या पडद्यावर वाचता येत असे व तो उपयुक्त वाटल्यास तसे मत देता येत असे. त्या संदेशांत खरी सूचना असे तशी लबाडीही असे; वहीतही ह्या दोन गोष्टींची शहानिशा वाचकालाच करावी लागे.

सारांश, चालू खेळावर खेळाडूंनी केलेल्या नोंदी ह्या खेळाभोवतीची रिकामी गप्प नसून खेळाच्या घडणीचाच एक भाग होत्या. निर्मात्यांची नावे व प्रकाशनाची वर्षे इतिहासात सुरक्षित आहेत. तिसऱ्या हिरव्या प्राण्यानंतर पेटी येते, हे ज्याने प्रथम पाहिले व पुढच्यासाठी वहीत लिहून ठेविले, त्याचे नाव कळणार नाही; पण त्याने लिहिले म्हणून पुढचा वर चढला, एवढी नोंद तरी खेळांच्या इतिहासात असावयास हवी.