बाबांच्या छातीतलं कापड

ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि बाबांना ताप भरला. त्यांच्या महाधमनीचा फुगलेला भाग काढून तिथे डेक्रॉनची नळी शिवली होती. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचा सख्खा भाऊ. आता प्रश्न असा, की नळीला जंतुसंसर्ग झालाय की शरीर नुसतंच खवळलंय? पहिलं असेल तर छाती पुन्हा उघडावी लागू शकते, दुसऱ्याला गोळ्या पुरतात. रक्ताचं कल्चर लावलं. रिपोर्ट येईपर्यंत मी, लॉग चाळायची सवय म्हणून, इतिहास चाळत बसलो.

१९४७ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर वूरहीस या तरुण सर्जनला कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी टाका सापडला. त्यावर चकचकीत, पातळ थर चढला होता. दोऱ्यावर चढतो, तर कापडावर का नाही? त्याने विन्यॉन-एन कापडाच्या नळ्या केल्या. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डेबेकीने दुकानात नायलॉन संपलं म्हणून डेक्रॉन घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. ही गोष्ट सगळेच सांगतात.

मला दुसरी जास्त आवडली. त्याच दशकात मायट्रल झडपेच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी रुग्णांना ताप यायचा, छातीत दुखायचं. झडप ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली असायची, म्हणून डॉक्टरांना वाटलं, तोच उलटला. १९५८मध्ये जन्मजात हृदयदोष असलेल्या, तो आजार कधीच न झालेल्या मुलांमध्येही हेच दिसलं. म्हणजे बग भलत्याच मॉड्यूलच्या नावावर टाकला होता! हृदयाभोवतीचं आवरण उघडलं की काहींची प्रतिकारशक्तीच त्या जखमेवर चवताळते. कापडाचं वेगळंच. परक्या अवयवासारखं शरीर ते नाकारत नाही, पण पेशी त्याला वेढा घालून बसतात, त्या कायमच्या.

कल्चर स्वच्छ आलं. इकोत हृदयाभोवती थोडं पाणी दिसलं. कोल्चिसीन सुरू झालं. हे द्रव्य आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कोकणातल्या आमच्या कुंपणावर ती फुलायची आणि आजी विषारी म्हणून हात लावू द्यायची नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. २००६ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, खुद्द डेबेकीच्या छातीतही डेक्रॉन बसवलं, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी जरा विचार करून विचारलं, "आटत नाही ना रे ते?"