बिनतारी संवेदक जाळे

बिनतारी संवेदक जाळे : तापमान, आर्द्रता, कंपन, प्रकाश, दाब, हालचाल अशा राशी जागेवरच मोजून त्यांच्या नोंदी रेडिओलहरींनी पुढे पाठवणाऱ्या लहान, बहुधा बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांचा समूह. प्रत्येक उपकरणाला नोड म्हणतात. नोडमध्ये एक वा अधिक संवेदक, एक मायक्रोकंट्रोलर, थोडी स्मृती, रेडिओ आणि वीजस्रोत असतो. रेडिओचा पल्ला दहा-वीस मीटरांपासून शे-दीडशे मीटरांपर्यंत असल्याने दूरचा नोड आपली नोंद शेजाऱ्याकडे देतो, शेजारी पुढच्याकडे. बांधकामावर रांगेत उभे राहून घमेली हातोहात सरकवावीत तशी ही नोंद तळकेंद्रापर्यंत जाते आणि तेथून मोबाइल, इंटरनेट किंवा उपग्रहाच्या मार्गाने वापरणाऱ्याकडे पोहोचते.

संगणकशास्त्रात हा विषय १९९० नंतर वेगळा उभा राहिला. त्यामागे दोन प्रेरणा होत्या. माणसाला सतत उभे राहता येत नाही अशा ठिकाणचे निसर्गव्यापार दाट जाळ्याने मोजावेत, ही एक. दुसरी म्हणजे संगणक टेबलावरून उठून भोवतालच्या वस्तूंत विरून जावा, हे सर्वव्यापी संगणनाचे स्वप्न. या दोन्हींसमोर एकच अडचण होती : बॅटरी संपल्यावर ती बदलायला तिथे कोणी नसते. या क्षेत्रातील बहुतेक सुंदर कल्पना या एका अडचणीतून जन्मल्या आहेत.

वीज आणि मौन : संशोधनात फार वापरला गेलेला टेलॉस हा बर्कली (कॅलिफोर्निया) येथे घडवलेला नोड उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत १० किलोबाइट कार्यस्मृती आणि आज्ञावलीसाठी ४८ किलोबाइट जागा होती, आणि तो पेन्सिल सेलच्या जोडीवर चाले. त्याचा रेडिओ संदेश पाठवताना सुमारे १७ मिलिअँपिअर प्रवाह घेई आणि नुसता कान देऊन बसला असताना सुमारे १९. म्हणजे ऐकणे हे बोलण्याइतकेच, किंबहुना किंचित जास्त महाग. दोन-अडीच हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलवर रेडिओ अखंड चालू ठेवला, तर नोड पाचेक दिवसांत मरतो. तोच रेडिओ शंभरातला एक भाग वेळ जागा ठेवला आणि उरलेला वेळ झोपवला, तर हिशेबाने वर्ष-सव्वा वर्ष निघते. झोपेतला नोड केवळ काही मायक्रोअँपिअर घेतो.

मग प्रश्न उरतो तो हा, की सगळेच झोपलेले असतील तर निरोप कोणाला द्यायचा? वेई ये, जॉन हाइडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या एस-मॅक पद्धतीत शेजारी नोड झोपण्या-उठण्याच्या वेळा आपसांत ठरवून घेतात. २००४ मधील बी-मॅकने हे वेळापत्रकच काढून टाकले. तिच्यात प्रत्येक नोड आपल्या सवडीने क्षणभर डोळा उघडून हवेत काही चालले आहे का ते पाहतो, आणि ज्याला बोलायचे आहे तो आधी पुरेसा लांब पूर्वसंकेत पाठवतो. ऐकणाऱ्याचा खर्च बोलणाऱ्याच्या अंगावर टाकण्याची ही युक्ती रास्त आहे, कारण अशा जाळ्यात बोलण्याचे प्रसंग थोडे आणि वाट पाहण्याचे तास पुष्कळ असतात. याच वर्षी फिलिप लेव्हिस व सहकाऱ्यांनी ट्रिकल ही रीत सुचवली. नवी आज्ञावली जाळ्यात पसरवताना, शेजाऱ्यांनी तीच गोष्ट सांगितलेली ऐकू आली तर नोडने गप्प बसायचे, आणि काही वेगळे ऐकू आले तरच वेगाने बोलायचे. मोजक्या ओळींत मावणारी ही रीत पुढे इंटरनेटच्या मानकांतही गेली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० मध्ये मांडलेल्या लीच पद्धतीत नोडांचे गट पडतात. गटप्रमुख सर्वांच्या नोंदी एकत्र करून पाठवतो, आणि त्याची बॅटरी लवकर संपू नये म्हणून प्रमुखपद फिरते ठेवले जाते.

दुसरी अडचण घड्याळाची. स्वस्त स्फटिकाचे घड्याळ दशलक्षात ४० भाग चुकले, तरी दिवसाला साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. भूकंपलहर कोणत्या नोडला आधी लागली हे ठरवायला ही चूक घातक आहे. म्हणून नोडांनी अधूनमधून एकमेकांशी वेळ जुळवून घेण्याच्या पद्धती शोधाव्या लागल्या.

पूर्वेतिहास : दूरवर विखुरलेल्या संवेदकांनी रेडिओवर खबर देण्याचा पहिला प्रचंड प्रयोग युद्धात झाला. व्हिएतनाम युद्धात १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेने ‘इग्लू व्हाइट’ या मोहिमेत लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर ध्वनी व भूकंपन टिपणारे संवेदक विमानांतून टाकले. त्यांचे संकेत आकाशात घिरट्या घालणारी विमाने थायलंडमधील नाखोन फनोम येथील संगणकांकडे पाठवत. त्यावरून बॉम्बफेकीची ठिकाणे ठरत. या विद्येच्या वंशावळीतली ही नोंद वगळता येत नाही. पुढेही संशोधनाचा बराचसा पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेकडूनच आला.

नागरी जीवनातली कल्पना वेगळ्या घरातून आली. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत मार्क वायझर (१९५२–९९) यांनी १९८८ च्या सुमारास सर्वव्यापी संगणनाचे काम सुरू केले. सप्टेंबर १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात त्यांनी मांडले, की तंत्रज्ञान खरे रुजते तेव्हा ते दिसेनासे होते. संगणकाने माणसाला आपल्या पडद्यात ओढू नये, तर माणसाच्या जगात मागे राहून काम करावे. त्यांच्या गटाने तळहाताएवढे, वहीएवढे आणि फळ्याएवढे अशा तीन आकारांची उपकरणे बनवून वापरली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’ तयार केला. छातीला लावलेला हा बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांत आपली खूण पाठवी आणि त्यावरून माणूस कोणत्या खोलीत आहे ते कळे. फोन त्याच खोलीत जोडून देण्याची सोय झाली, आणि आपण कुठे आहोत हे कोणाला कळावे, हा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांनी १९९७ मध्ये ‘स्मार्ट डस्ट’ची योजना मांडली. संवेदक, संगणक आणि संपर्कसाधन एका घन मिलिमीटरात बसवून धुळीसारखे पसरावे, असे तिचे ध्येय होते. प्रत्यक्षात वापरात आलेले नोड त्याहून कितीतरी मोठे राहिले, कारण दोन सेलांपेक्षा लहान असा भरवशाचा वीजस्रोत मिळाला नाही. पण त्या योजनेने दिशा दिली. डेव्हिड कलर, जेसन हिल आणि सहकाऱ्यांनी अशा नोडांसाठी टायनीओएस ही कार्यप्रणाली लिहिली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वर्णनात तिचा गाभा १७८ बाइट स्मृतीत मावत होता. ती सर्वांना खुली असल्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत एकाच पायावर प्रयोग होऊ लागले.

क्षेत्रप्रयोग : या विषयाचा खरा इतिहास प्रयोगशाळेबाहेरचा आहे. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडे ग्रेट डक आयलंड नावाचे छोटे बेट आहे. तेथे लीचचे स्टॉर्म पेट्रेल हे समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. उबवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत बिळाला धक्का लागला, तर पक्षी घरटे सोडून जाण्याची शक्यता असते. पाहायला जाणे हेच इथे नुकसान. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कली येथील इंटेल प्रयोगशाळा आणि बार हार्बरचे कॉलेज ऑफ द अटलांटिक यांनी पक्षी येण्यापूर्वीच बिळांत आणि त्यांच्या तोंडाशी मिळून ३२ नोड ठेवले. बिळातील उष्णतेवरून पक्षी आत आहे की नाही हे कळे आणि नोंदी उपग्रहाच्या दुव्याने मुख्य भूमीवर येत. त्या हंगामात सुमारे ११ लाख नोंदी मिळाल्या.

त्याहून मोलाचे ठरले ते नोडांच्या मरणाचे विश्लेषण. आर्द्रतामापकात पाणी शिरले की तो आधी अशक्य आकडे देई आणि मग नोडच बंद पडे. संवेदकाचा बिघाड साऱ्या उपकरणाला घेऊन जातो, हे कोणत्याही संगणकीय अनुकरणात दिसले नव्हते.

असाच धडा नेदरलँड्समधल्या बटाट्याच्या शेताने दिला. बटाट्यावरचा करपा पानांच्या दाटीतल्या ओलाव्यावर वाढतो. तो ओलावा जागोजागी मोजला तर फवारणी कमी करता येईल, या विचाराने डेल्फ्ट येथील संशोधकांनी शंभराच्या आसपास नोड शेतात लावले. आज्ञावलीतल्या चुका, आयत्या वेळचे बदल आणि अपुरी पूर्वचाचणी यांमुळे अपेक्षित नोंदींपैकी फक्त २ टक्के हाती आल्या. कोएन लांगेनडून आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही सगळी कहाणी काही न लपवता प्रसिद्ध केली. यशाच्या शेकडो लेखांपेक्षा या एका लेखाने नंतरच्या लोकांची अधिक मेहनत वाचवली असेल.

इक्वाडोरमधील रेव्हेंताडोर ज्वालामुखीवर ऑगस्ट २००५ मध्ये हार्वर्डच्या मॅट वेल्श यांच्या गटाने १६ नोडांची सुमारे तीन किलोमीटरची रांग १९ दिवस चालवली. प्रत्येक नोड सेकंदाला १०० वेळा भूकंपन आणि कमी वारंवारतेचा ध्वनी टिपत होता. एवढी माहिती पाठवणे रेडिओला झेपणारे नव्हते. म्हणून पुरेशा नोडांनी एकाच वेळी हादरा कळवला, तरच तळकेंद्र शेवटच्या मिनिटाची नोंद सगळ्यांकडून मागवून घेई. २३० घटना पकडल्या गेल्या. वेळ जुळवणारी आज्ञावली मात्र अधूनमधून चुकली आणि ते आकडे नंतर हिशेबाने दुरुस्त करावे लागले. भूशास्त्रज्ञाला घटना किती पकडल्या याहून प्रत्येक नोंदीची वेळ किती खरी याची चिंता अधिक असते, आणि संगणकशास्त्रज्ञांनी ही चिंता आपली मानली, हे या प्रयोगाचे मोठेपण.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ६४ नोडांचे जाळे लावले गेले, तेव्हा टोकाच्या नोडची नोंद ४६ टप्पे पार करून येत असे. केनियात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मार्गारेट मार्टोनोसी यांच्या गटाने झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे घातले. दोन झेब्रे जवळ आले की त्यांच्या नोंदींची देवाणघेवाण होई, त्यामुळे एकाला गाठले तरी अनेकांचा माग मिळे.

भारतातील कार्य : केरळमधील मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाच्या मनीषा रमेश यांच्या गटाने अँथोनियार कॉलनीच्या उतारावर दरडींची पूर्वसूचना देणारे जाळे उभारले. भोके पाडून जमिनीत खोलवर बसवलेले संवेदक मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब मोजतात. हा दाब वाढला की उताराची पकड सुटू लागते. जुलै २००९ च्या पावसात या यंत्रणेच्या आधारे लोकांना प्रत्यक्ष इशारा दिला गेला. पश्चिम भारतातील खडकाळ डोंगरांसाठी ताणमापकांचे दाट जाळे वापरणारा ‘सेनस्लाइड’ हा आराखडा मुंबई आयआयटी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया यांनी मांडला. मुंबई आयआयटीच्याच ‘अ‍ॅग्रिसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या द्राक्षबागेत हवामान आणि मातीचा ओलावा मोजला गेला. कर्नाटकात चेन्नकेशवपुरा येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्विस सहकाऱ्यांसह कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी ‘कॉमनसेन्स नेट’ चालवले. तेथे संवेदक लावण्याआधी शेतकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे, याची पाहणी केली गेली होती. हा क्रम इतर अनेक प्रकल्पांत उलटा असतो.

भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांच्या ‘ब्रिमॉन’ (२००८) या रेल्वेपुलांवरील जाळ्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. रेल्वेपुलाची कंपने गाडी जाताना आणि गेल्यानंतर लगेचच मोजायची असतात, उरलेला वेळ नोड जागे ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून येणाऱ्या गाडीवरच्या रेडिओचा संकेत दुरून ओळखून पुलावरचे नोड उठतात, मोजतात आणि झोपतात. पुलापासून नियंत्रणकक्षापर्यंत संपर्काची वेगळी सोय लागत नाही, कारण गोळा झालेली नोंद पुढची गाडीच घेऊन जाते. याच दोघांनी त्याच वर्षी या क्षेत्रावर कठोर टीकालेख लिहिला. प्रत्यक्ष उपयोग समोर न ठेवता केवळ कल्पित जाळ्यांसाठी नवनव्या पद्धती प्रसिद्ध करण्याची सवय संशोधनाला लागली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिमॉन बनवणाऱ्यांनी ते म्हटले, म्हणून त्याला वजन आहे.

मानके आणि पुढील वाटचाल : कमी विजेच्या रेडिओसाठी ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये आले. त्यातील संदेशचौकट जास्तीत जास्त १२७ बाइटची, तर इंटरनेट प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती किमान १२८० बाइटची चौकट वाहता यावी अशी अट घालते. शीर्षके दाबून आणि चौकटीचे तुकडे करून हा मेळ घालणारे सिक्स-लोपॅन मानक २००७ मध्ये, तर मार्ग ठरवणारे आरपीएल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर लोरासारख्या, काही किलोमीटर पल्ल्याच्या आणि अतिशय मंद गतीच्या रेडिओंनी चित्र बदलले. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात असे रेडिओ परवान्याविना चालवता येतात. अशा जाळ्यात नोड थेट दूरच्या मनोऱ्याशी बोलतो, शेजाऱ्यामार्फत नाही. ज्या टप्प्याटप्प्याच्या वहनाला एकेकाळी या विषयाचे हृदय मानले जाई, ते शेती आणि पाणीपुरवठ्याच्या अनेक कामांत गरजेचे राहिलेले नाही. कारखान्यांत, आणि जिथे झाडी वा डोंगर आड येतात तिथे ते अजून वापरात आहे.

उरलेल्या अडचणी बहुतांशी रेडिओच्या नाहीत. स्वस्त संवेदकांचे आकडे काही महिन्यांत सरकतात, आणि त्यांची प्रमाणित उपकरणाशी पुन्हा तुलना करणे हे नोड लावण्याइतकेच खर्चिक काम आहे. घरांत आणि रस्त्यांवर लावलेल्या संवेदकांच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हा बिल्ल्याच्या काळापासूनचा वाद मिटलेला नाही. प्रकल्पाचा निधी संपल्यावर शेतातले, जंगलातले आणि जमिनीत पुरलेले नोड त्यांच्या बॅटऱ्यांसह बाहेर काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच असते.