कोनाडा

सध्या आमच्या मित्रमंडळात फ्लॅट घेण्याची साथ आली आहे. ताबा मिळाला की इंटिरियरवाल्याकडे पहिली मागणी एकच, "एक कोपरा जरा हटके करून दे." कुणाला पुस्तकांचा हवा असतो, कुणाला चहा पीत बसण्याचा. हौस चांगलीच आहे. फक्त अशा कोपऱ्याला आमच्या मराठवाड्यात जुना शब्द आहे, आणि त्याच्यामागे बराच इतिहास आहे. त्यामुळे हा विकांत त्याच्यासाठी.

शब्द आहे कोनाडा. भिंत बांधतानाच तिच्यात सोडलेली चौकोनी किंवा कमानीची पोकळी. दिवा ठेवण्यापुरती छोटी असेल तर देवळी, दारं लावली की फडताळ आणि भिंतीतच धान्य साठवायची सोय केली की बळद. ही सगळी एकाच गोष्टीची लेकरं, ती म्हणजे भिंतीची जाडी.

नांदेड-लातूरकडे काळा दगड भरपूर, चुना महाग आणि उन्हाळा चाळीसच्या वर. म्हणून गावोगावी दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत गारवा. एवढी जाडी आहेच, तर तिच्यात थोडी जागा काढून घ्या, असा साधा हिशोब.

पण कोनाड्याचा खरा उपयोग सामान ठेवण्यापुरता नव्हता. माझं आजोळ नांदेडच्या जुन्या गावभागातलं. वाड्यात चौदा-पंधरा माणसं आणि 'माझी खोली' हा प्रकार कुणालाच नाही. पण कोनाडा मात्र प्रत्येकाचा. आजीच्या कोनाड्यात चष्मा, जपमाळ, मिसरीची डबी आणि पुरचुंडीत बांधलेले थोडे पैसे. त्याला ना दार ना कुलूप, तरी आजोबासुद्धा तिथे हात घालत नसत. आमच्या भाषेत सांगायचं तर पासवर्ड नसलेला, पण कुणीही न उघडणारा फोल्डर. एकत्र कुटुंबात नव्या सुनेला स्वतःची म्हणून मिळणारी पहिली जागा बहुधा हीच, दीड फूट बाय एक फूट.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पुढचं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपलेली. किल्लारीच्या परिसरात ६.२ ते ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. वेगवेगळे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या भागात 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशीच कालगणना ऐकत मी मोठा झालो.

एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं का जावीत? उत्तर त्याच जाड भिंतीत आहे. बाहेरून एकसंध दिसणारी ती भिंत प्रत्यक्षात दोन भिंती असायच्या. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये माती-दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की थर फुगून सुटे व्हायचे. आणि वर माळवद. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा नवा थर टाकायची पद्धत, जुना कोण काढतो? दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरा, वजन साधारण सात टन. हे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर.

ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांच्या चौकटीवर, म्हणजे खणांवर होता, तिथे अनेकदा भिंती पडूनही छत उभं राहिलं. म्हणजे दोष जाडीचा नव्हता, कोनाड्याचा तर नव्हताच. दोष सांध्याचा होता. नंतर सरकारच्या दुरुस्ती-मजबुतीकरण कार्यक्रमात नेमकं हेच सांगितलं गेलं: भिंतीला आरपार बांधणारे काँक्रीटचे दुवे घाला, वर पट्टा बांधा, माळवदावरची माती कमी करा.

पण भीती काही आलेख वाचत नाही. लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीतून मोठं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, पातळ भिंती, काँक्रीटचं छत. घरं मजबूत होती, यात वाद नाही. उन्हाळ्यात मात्र तापायची. ढेलज नाही, अंगणाला आडोसा नाही. आणि सहा-आठ इंचांच्या भिंतीत कोनाडा कुठून येणार?

मग माणसांनी तो आपापल्या परीनं आणला. कुणी दारापुढे ओटा घातला, कुणी पत्र्याचा आडोसा करून चूल बाहेर काढली. किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावात मी पाहिलं, खोलीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तिरका तुकडा बसवलेला, त्यावर देव, शेजारी औषधांची पिशवी आणि चष्मा. भिंतीच्या आत जागा नाही म्हणून कोनाडा भिंतीच्या बाहेर आला होता. मला वाटतं, त्या घराचं 'लाभार्थी क्रमांक अमुक' जाऊन 'आमचं घर' झालं ते त्या फरशीपाशी.

आता शहरातल्या आपल्या फ्लॅटकडे येऊ. मिवान पद्धतीच्या नव्या इमारतींत जवळपास सगळ्या भिंती सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. एक छान कोनाडा काढू म्हणून तिथे छिन्नी लावू नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय कुठल्याच भिंतीला लावू नका. किल्लारीनं हे फार मोठी किंमत देऊन शिकवलंय. एक फळी, दोन ब्रॅकेट पुरेत.

आणि फळी लावलीत की ती घरातल्या एका माणसाच्या नावावर करा. आई-बाबा राहायला आले असतील तर आधी त्यांच्या. बाकीच्यांनी तिथे हात घालायचा नाही, एवढा नियम पाळला तरी तिचा कोनाडा झालाच म्हणून समजा.