अंबरनाथची तुळई

उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मध्यें, वालधुनीच्या कांठीं, अंबरनाथचें काळ्या पत्थराचें शिवालय उभें आहे. त्याच्या उत्तरद्वाराच्या तुळईवर आंतल्या अंगास एक शिलालेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यांतील वर्ष शके ७८२ असें वाचलें होतें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असें दुरुस्त केलें. हें देवालय शिलाहार राजा मम्मुणि याच्या काळीं पूर्ण झालें, असें त्यावरून ठरलें. कोंकणच्या इतिहासांतील एक निश्चित सन अशा रीतीनें एका तुळईनें तोलून धरला आहे. ती तुळई इतकीं शतकें कशी टिकली, हा प्रश्नहि म्हणूनच इतिहासाचा आहे.

तुळईवर भार पडला कीं तिचें वरचें अंग दाबलें जातें आणि खालचें ताणलें जातें. दगड दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्यास फारसा सोसवत नाहीं. याशिवाय भार एकाच कडेवर पडल्यास तुळईस पीळ बसतो. शाळेंतील खडू हातांत घेऊन पाहावा. वांकविला तर तो सरळ आडवा मोडतो. पिळला तर नागमोडी तिरपा तुटतो. पिळानें तिरपा ताण उत्पन्न होतो, आणि दगडाची गतहि खडूसारखीच होते. अरुंद तुळईस हें भय अधिक. पातळ पट्टीची उंची तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर उभ्या भाराखालीं वांकण्यास होणारा तिचा विरोध निम्मा राहतो. पिळास होणारा विरोध मात्र जेमतेम एक-अष्टमांश उरतो.

गॅलिलिओनें तुळईच्या बळाचा शास्त्रीय विचार १६३८ सालीं प्रसिद्ध केला. पिळाचें सूक्ष्म गणित फ्रान्समधील सें-व्हेनां यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडलें. अरुंद तुळई भाराखालीं कलून कशी पिळते, याचा उलगडा तर १८९९ सालीं जर्मनींत प्रांट्ल आणि ऑस्ट्रेलियांत मिशेल यांनीं स्वतंत्रपणें केला. अंबरनाथच्या पाथरवटांपाशीं यांपैकीं एकहि सूत्र नव्हतें. तरी सभामंडपाच्या मध्यभागीं चार खांब उभारून त्यांनीं छताचें अंतर तोडलें. खांबांच्या माथ्यावर पुढें आलेले दगड बसवून तुळयांचा अधांतरीं भाग आंखूड केला. आणि छत एकावर एक पुढें सरकविलेल्या थरांनीं मिटविलें. दगडास ताण व पीळ कमींत कमी सोसावा लागेल, अशीच ही योजना आहे. सूत्र ठाऊक नसलें तरी दगडाचा स्वभाव त्यांस पुरता ठाऊक होता.

गर्भगृहावरील शिखराचा माथा आज उरलेला नाहीं. जें उरलें आहे तें दोन्ही बाजूंच्या भारांच्या समतोलावर उभें आहे. अशा वास्तूंत एका बाजूचा निरुपयोगी भासणारा दगड काढला, किंवा एका कडेवर नवें ओझें चढविलें, तर कालपर्यंत निर्धास्त असलेली तुळई पिळूं लागते. पाथरवटानें साधलेला तोल दुरुस्ती करणाऱ्यानें आधीं समजून घेतला पाहिजे. कारण तुळई दुभंगली, तर तिच्यावरील अक्षरेंहि तिच्याबरोबर जातील.