फासा, आणेवारी आणि पांडुरंग सुखात्मे

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान मराठी घरांत सुपरिचित आहे. बाहुकाच्या रूपातील नळ हा राजा ऋतुपर्णाचा रथ हाकीत विदर्भाकडे निघाला असता वाटेत बेहड्याचा वृक्ष लागतो. ऋतुपर्ण त्याजवर एक दृष्टिक्षेप टाकून सांगतो, की याच्या दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २,०९५ आहेत. नळास हे पटत नाही. कुंडिनपुरास पोहोचण्याची घाई असताही तो रथ थांबवितो, वृक्ष पाडतो आणि फळे मोजतो. मोजणी बरोबर ठरते. मग ऋतुपर्ण त्यास अक्षविद्या देतो. ही कथा लोकांच्या स्मरणात असते ती नळाच्या देहातून कली निघून गेला म्हणून. परंतु फाशांचे रहस्य आणि झाडावरील फळे अजमावण्याची हातोटी या दोन विद्या कथाकाराने एकाच पुरुषाच्या ठायी ठेवाव्या, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. प्राचीन द्यूतात फासे म्हणून याच बेहड्याची फळे वापरीत असत.

ऋतुपर्णाने मनाशी अजमावले आणि नळाने हाताने मोजले. आज शाळेच्या सातवी-आठवीच्या वर्गात संभाव्यतेचा पहिला धडा चालतो, तेव्हा नेमका हाच प्रसंग पुन्हा घडतो. नाण्याला बाजू दोन, दोन्ही सारख्या, म्हणून छापा पडण्याची संभाव्यता एक द्वितीयांश. ही झाली तात्त्विक संभाव्यता, कागदावर बसून काढलेली. मग मुले नाणे दहा वेळा उडवितात आणि कोणाचे सात छापे पडतात, कोणाचे तीन. ही प्रायोगिक संभाव्यता. सात छापे पडलेला मुलगा गोंधळतो. गणित चुकले की नाणे खोटे, हे त्यास उमजत नाही. वास्तविक दहा फेकींत छापा-काट्याचे क्रम १,०२४ प्रकारे लागू शकतात आणि त्यांपैकी बरोबर पाच-पाच पडण्याचे प्रकार केवळ २५२, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही किंचित कमीच. पाच-पाच न पडणे हाच नेहमीचा प्रकार होय.

येथे बहुधा असे सांगून धडा संपवितात, की फेकी वाढवा, फरक आपोआप नाहीसा होईल. इंग्लंडात कार्ल पिअर्सन यांनी नाणे २४,००० वेळा उडविले आणि छापे पडले १२,०१२. इतका नेटका निकाल पाहून कोणाचेही समाधान व्हावे. परंतु धडा येथेच थांबविला तर अर्धाच शिकविला असे म्हणावे लागेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक वेल्डन यांनी बारा फासे एकदम टाकून अशा २६,३०६ फेकींची नोंद केली. एकूण दाने झाली ३,१५,६७२. पाच किंवा सहा हे दान तिसऱ्या हिश्श्याने पडावे, म्हणजे १,०५,२२४ वेळा. ते पडले १,०६,६०२ वेळा. फरक १,३७८ चा. एवढ्या दानांत केवळ यदृच्छेने पडणारा सामान्य फरक सुमारे २६५ चा येतो. हा त्याच्या पाचपटीहून अधिक! फाशावर ठिपके कोरलेले असतात. सहाची बाजू अधिक कोरली गेल्याने हलकी होते व वर राहण्याकडे तिचा कल असतो. दहा-वीस फेकींत हा दोष कोणास दिसला नसता. फेकी वाढविल्याने तो गेला तर नाहीच, उलट उघडा पडला.

म्हणजे फरक दोन जातीचे. एक यदृच्छेचा, तो दोन्ही बाजूंना हेलकावतो आणि संख्या वाढविली की शेकडेवारीने घटत जातो. दुसरा दोषाचा, तो एकाच बाजूला झुकतो व संख्येला दाद देत नाही. नाण्याफाशांच्या खेळात हे कळले नाही तर नुकसान कोणाचेच नाही. शेतातील पिकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, आणि ते ज्या संख्याशास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखविले, तो सातारा जिल्ह्यातला.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म येथे २७ जुलै १९११ रोजी झाला. जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर माण-खटावच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो. शेजारच्या सांगलीकडेही तीच तऱ्हा. कृष्णाकाठी वाळवे-मिरजेच्या रानांत ऊस आणि हळद, तर जत-आटपाडीला ज्वारी-बाजरीचीही भ्रांत. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. अशा मुलुखात चार सोयीची शेते पाहून साऱ्या जिल्ह्याच्या पिकाविषयी बोलणे किती धोक्याचे, हे सांगावयास नकोच.

तरीही पीक ठरविले जाई ते नजरेनेच. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. त्या मानाने यंदाचे पीक आठ आणे की पाच आणे, याचा आकडा महसूल खात्याची माणसे लावीत. हीच आणेवारी. तिच्यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून असे. १९१८ साली गुजराथेत खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला त्याचे मूळ या आकड्यातच होते: पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा असा नियम, रयत म्हणे चार आण्यांहून कमी, सरकारी आकडा म्हणे अधिक. सातारा जिल्हाही त्याच मुंबई इलाख्यातला. एका आण्याच्या मतभेदावर कोणाची गुरे जप्त होत, कोणाच्या घरातील भांडी.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन सुखात्मे १९३३ साली लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. नेमन, ईगॉन पिअर्सन व फिशर ही या शास्त्रातील मोठी माणसे त्या काळी तेथे होती. नमुन्यावरून समग्राचा अंदाज कसा करावा आणि त्यात चूक किती संभवते, हा नेमन यांचा विषय. सुखात्मे त्यातच रमले. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. १९४० पासून ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेल्यावर देशात धान्य किती पिकते हा प्रश्न सर्वांस टोचू लागला.

सुखात्म्यांच्या पद्धतीत गाव यदृच्छेने निवडावयाचे, शेतही यदृच्छेने आणि शेतातील जागाही तशीच. अशा निवडीसाठी आकड्यांचे तक्ते छापलेले असत. टिपेट यांचा ४१,६०० अंकांचा तक्ता १९२७ सालीच निघाला होता. जागा ठरली की दोरीने आखणी करावयाची, आतले पीक कापून, मळून वजन करावयाचे. तेथे खडक निघाला किंवा पीक करपलेले असले तरी जागा हलवावयाची नाही. सारी मेख येथेच आहे. कारण चांगल्या कणसाकडे हात आपोआप वळतो, त्यास लबाडीच लागते असे नाही.

आखणीचा तुकडा केवढा असावा, याविषयी मात्र मोठा वाद झाला. बंगाल्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना-पाहणीचे पायाभूत काम केले होते. त्यांचे म्हणणे असे, की शिकवून तयार केलेली माणसे असतील तर लहान वर्तुळे पुष्कळ ठिकाणी कापणे स्वस्त पडते. यदृच्छेच्या हिशेबाने ते खरेही होते. सुखात्म्यांच्या हाताखाली स्वतंत्र फौज नव्हती; महसूल व शेतकी खात्यांचीच माणसे ते काम करीत. त्यांनी प्रयोग केला. संयुक्त प्रांतात मुरादाबाद जिल्ह्यात १९४४-४५ च्या हंगामात गव्हाच्या शेतांतून निरनिराळ्या मापांचे तुकडे कापून उतारा ताडून पाहिला. ३३ फूट बाजूच्या समभुज त्रिकोणाचा उतारा भरवशाचा ठरला. तुकडा जसा लहान होत गेला तसा उतारा फुगत गेला, आणि दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात ही फुगवट चाळीस टक्क्यांच्या घरात गेली.

कारण शाळकरी भूमितीनेही कळते. त्या वर्तुळाचा परीघ सुमारे साडेबारा फूट व क्षेत्रफळही सुमारे साडेबारा चौरस फूट. म्हणजे चौरस फुटामागे एक फूट कड. मोठ्या त्रिकोणाची कड ९९ फूट, पण क्षेत्रफळ सुमारे ४७१ चौरस फूट. म्हणजे कड पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कडेवरचे रोप आतले की बाहेरचे, असा प्रश्न पडला की कापणारा ते आत घेतो. वेल्डनच्या फाशावरील कोरलेल्या सहासारखाच हा प्रकार. अशी हजार वर्तुळे कापली तरी चूक तेवढीच राहणार, फक्त तिच्यावर विश्वास अधिक बसणार. दुष्काळी सालात फुगलेल्या उताऱ्याचा अर्थ एवढाच, की कोठारात नसलेले धान्य कागदावर आहे.

१९५१ साली सुखात्मे राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले; नमुना-पाहणीवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली निघाला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९९७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. तिच्या पहिल्या आकड्यास अजूनही नजर पैसेवारीच म्हणतात. शेतातील कापणीला सरकारी दप्तरात नाव आहे ‘पीक कापणी प्रयोग’. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेतील भरपाईचा हिशेबही या प्रयोगांशी जोडला गेला. माण असो की जत, निवडलेल्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून कर्मचारी नेमून दिलेल्या आकड्याइतकी पावले मोजीत आत शिरतो. पिकाच्या दाट भागात ती थांबतात की विरळ, इकडे बांधावर उभा असलेला शेतकरी डोळे लावून असतो.