वाल्डमाइस्टर

दाट सावलीत जमिनीलगत पसरणारी सुगंधी, बहुवर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव गॅलियम ओडोरॅटम. कुल रुबिएसी, म्हणजे कॉफी, कदंब व मंजिष्ठा यांचेच. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला ॲस्पेरुला ओडोराटा असे नाव दिले होते. ‘वाल्डमाइस्टर’ या जर्मन नावाचा अर्थ ‘रानाचा धनी’. युरोपातील बीच वृक्षांच्या वनांत ती विपुल आढळते. ‘ॲस्पेरुलो-फॅगेटम’ हे अशा वनांच्या एका प्रकाराचे नाव तिच्या जुन्या नावावरूनच पडले आहे.

वर्णन : उंची १५–३० सेंमी. खोड बारीक व चौकोनी. प्रत्येक पेऱ्यावर साधारण ६–९ पानांचे वर्तुळ असते. त्यांतील दोनच खरी पाने, बाकीची पानांसारखी दिसणारी उपपर्णे. फुले लहान, पांढरी, चार पाळींची, बहर वसंतात. फळांवरील आकडेदार केस प्राण्यांच्या अंगाला चिकटतात व बीजप्रसार होतो.

सावलीशी अनुकूलन : बीच वृक्षांना पूर्ण पालवी आली की जमिनीवर उघड्यावरच्या मानाने जेमतेम काही टक्के प्रकाश पोहोचतो. वनस्पतिशास्त्रज्ञ एलेनबेर्ख यांच्या १ (गर्द सावली) ते ९ (पूर्ण ऊन) या प्रकाशश्रेणीत या वनस्पतीला २ अंक आहे. तिची पाने पातळ असतात. थोड्या द्रव्यात जास्त पृष्ठभाग मिळतो आणि श्वसनावरचा खर्चही कमी राहतो. त्यामुळे मंद उजेडातही अन्ननिर्मिती खर्चाला पुरते. काही पाने हिवाळ्यातही हिरवी राहत असल्याने वृक्षांना पालवी फुटण्यापूर्वीचा वसंतातला उजेड तिला वापरता येतो. सावलीत बीजांपेक्षा तिची भिस्त जमिनीखाली सरपटणाऱ्या मूलक्षोडांवर असते. त्यांतूनच एकसंध हिरवा गालिचा तयार होतो. कडक उन्हात व कोरड्या मातीत मात्र पाने करपतात.

सुगंध : ताज्या पानांना वास जवळजवळ नसतो. कूमारिन या सुगंधी द्रव्याचे पूर्वद्रव्य पेशींत शर्करेशी बांधलेले असते. पान कोमेजले की विकरे ते मोकळे करतात आणि सुकलेल्या गवताचा, व्हॅनिलाशी मिळताजुळता वास दरवळतो.

उपयोग : जर्मनीत मे महिन्यात पांढऱ्या वाइनमध्ये ही पाने मुरवून ‘मायबोवले’ हे पेय करतात, त्यासाठी फुलण्यापूर्वीची पाने खुडून किंचित कोमेजू देतात. वाळलेल्या जुड्या कपड्यांत ठेवण्याचीही रीत आहे. कूमारिन जास्त प्रमाणात यकृताला अपायकारक असल्याने वापर बेताचाच ठेवतात.