हे कपडे ठरवले कुणी?

मे १९६४. मँचेस्टरमधलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनडा टेलिव्हिजनवाल्यांनी ते अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या स्टेशनासारखं सजवलंय. एका फलाटावर प्रेक्षक, रूळ ओलांडून समोरच्या फलाटावर कलाकार. आणि नेमका पाऊस! अशात घोडागाडीतून एक बाई उतरतात. वय ४९, अंगात जाड, ऐटबाज कोट, पायात उंच टाचा. कोट न काढताच त्या पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि जे काही वाजवतात, ते ऐकून समोरची भिजलेली पोरं खुळी होतात.

ही सिस्टर रोझेटा थार्प. तूनळीवर हा व्हिडिओ आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहा, लेख कुठे पळून जात नाही.

रोझेटाबाई मूळच्या चर्चमध्ये गाणाऱ्या. १९३८ साली त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या आणि त्या न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांतही गाऊ लागल्या, तेव्हा चर्चच्या मंडळींनी नाकं मुरडली. १९५१ साली त्यांनी वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये लग्न केलं, आणि वीसेक हजार लोक तिकीट काढून त्या लग्नाला आले. (आपल्याकडे आहेराचं पाकीट असतं. तोच प्रकार, जरा उघडपणे.) लग्नाच्या पोशाखातच गिटार वाजवून कार्यक्रमही झाला. थोडक्यात, एल्व्हिसचं नाव कुणाला माहीत होण्याआधी 'रॉक स्टार'ने काय घालावं, कसं यावं, कसं उभं राहावं हे एका बाईने करून दाखवलेलं होतं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला हे लक्षात यायला २०१८ उजाडलं. असो.

आता तुम्ही म्हणाल, विकांताला हिला हे काय सुचलं? तर झालं असं की जालावर 'रॉक चिक लुक' या नावाने काय काय मिळतं ते मी बघत बसले होते. सगळीकडे तीच यादी. चामड्याचं काळं जॅकेट, फाटकी जीन्स, डोळ्यांत भरपूर काजळ, आणि 'अ‍ॅटिट्यूड' (हा कुठे विकत मिळतो ते दिलेलं नव्हतं). बाजूला चार-पाच बायकांचे फोटो. त्यांनी ते कपडे का घातले, कुणी शिवले, कुणाच्या सांगण्यावरून, याबद्दल चकार शब्द नाही. आमच्या धंद्यात एखादी विचित्र ओळ दिसली की 'गिट ब्लेम' मारून बघतात: ही कुणी लिहिली, कधी, आणि कशासाठी. तेच मी या कपड्यांवर करायचं ठरवलं.

पहिलं नाव वांडा जॅक्सन. ओक्लाहोमाची पोरगी, जन्म १९३७. त्या काळी कंट्री गाणाऱ्या मुलींचा वेष ठरलेला होता: काऊगर्लचा झगा, बूट, टोपी. वांडाला ते नको होतं, आणि तिची आई शिवणकाम करायची. मग दोघींनी मिळून अंगाला बसणारे, बारीक पट्ट्यांचे, झालर लावलेले कपडे बेतले. झालर का, तर नुसतं हललं तरी ती हलते. १९५० च्या दशकाच्या मध्याला वांडा नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत गायला गेली. कंट्री संगीतातलं हे सगळ्यात मोठं व्यासपीठ. स्टेजवर जायच्या ऐन वेळी अर्नेस्ट टब या बुजुर्ग गायकाने तिला सांगितलं, उघड्या खांद्यांनी इथे जाता येणार नाही. मुलीने जॅकेट चढवलं, गाणं म्हटलं, आणि पुन्हा इथे यायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. नंतर एल्व्हिसच्या सांगण्यावरून ती रॉक अँड रोलकडे वळली. तिचं एक गाणं अमेरिकेत पडलं पण जपानमध्ये तुफान चाललं, आणि १९५९ साली ती जपानचा दौरा करून आली. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडते ती तिची आई. शिवणयंत्रावर बसून पोरीसाठी नॅशव्हिलशी पंगा घेणारी!

सुझी क्वाट्रोची गोष्ट वेगळी. ही डेट्रॉइटची, जेमतेम पाच फुटांची, आणि हातात बेस गिटार. हे वाद्य तिच्या मानाने केवढं दिसत असेल बघा. चौदाव्या वर्षापासून बहिणींच्या बँडमध्ये वाजवत होती. १९७१ साली मिकी मोस्ट या निर्मात्याने तिला इंग्लंडला आणलं. तिला चामड्याचे कपडे हवे होते, कारण डोक्यात १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमातला एल्व्हिस बसला होता. मोस्ट म्हणाला, जुनं झालं ते. ही हटून बसली. शेवटी तो म्हणाला, बरं, मग जंपसूट कर. म्हणजे चामडं तिचं, जंपसूट त्याचा. १९७३ मध्ये 'कॅन द कॅन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तो काळा, गळ्यापासून चेन लावलेला जंपसूट जगप्रसिद्ध झाला. लोकांना तो मादक वाटला. मला विचाराल तर तो डांगरी आहे. गॅरेजमधला मेकॅनिक घालतो ना, तसा: उड्या मारा, वाका, वाद्य घासू दे, कुठे काही सरकत नाही आणि पुन्हापुन्हा नीट करावं लागत नाही. ओढणी सांभाळत सर्व्हर रूममध्ये केबल शोधलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

सुझीची एक भक्त लॉस एंजेलिसमध्ये होती. सुझी ज्या हॉटेलात उतरायची तिथल्या लॉबीत ही पोरगी तासन् तास बसून राहायची, केसही तिच्यासारखे कापलेले. तिचं नाव जोन जेट. १९७५ मध्ये तिने 'रनअवेज' हा बँड सुरू केला, आणि इथे माझं गिट ब्लेम अडखळलं.

१९७६ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा पाचही मुली अठराच्या आतल्या होत्या. मॅनेजर किम फाउली, वयाने तिशी ओलांडलेला, आणि 'कोवळ्या वयाच्या वाईट पोरी' हाच त्याचा विकायचा माल. गायिका चेरी करी एका गाण्यासाठी स्टेजवर पांढऱ्या कॉर्सेटमध्ये यायची. ते तिने स्वतः निवडलं होतं असं तिचंच म्हणणं आहे. म्हणजे 'कुणी ठरवलं?' याचं उत्तर 'तिने' असं येतं. मग झालं तर, प्रश्न मिटला? नाही ना मिटत. छायाचित्रकारांना तेवढंच दिसायला लागलं. लिटा फोर्ड गिटार काय वाजवते, सँडी वेस्ट ड्रम्स काय बडवते, याबद्दल लिहायला कुणाला सवड नव्हती. १९७७ च्या जपान दौऱ्यात चेरीच्या एकटीच्या फोटोंवरून बँडमध्ये भांडणं झाली आणि त्याच वर्षी ती बाहेर पडली. सोळा वर्षांच्या मुलीने निवडलं हे खरं. पण ज्या बाजारात ती निवडत होती तो एका तिशीतल्या माणसाने मांडलेला होता, आणि तिने 'आजपासून हे नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून मी माझा प्रश्न बदलला: नाही म्हणायची सोय कुणाकडे होती?

या प्रश्नाने सगळं चित्र नीट दिसायला लागतं. पॅटी स्मिथचंच बघा. १९७५ च्या 'हॉर्सेस'चं मुखपृष्ठ तुम्ही पाहिलं असेलच. पांढरा शर्ट, गळ्यात सैल काळी फीत, खांद्यावर टाकलेला काळा कोट, सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर. हे सगळं अगदी सहज झालंय असं वाटतं आणि बरंचसं झालंही तसंच. शर्ट न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या साल्व्हेशन आर्मीच्या दुकानातला, म्हणजे जुन्या कपड्यांचा. फोटो काढणारा तिचा जिवलग मित्र रॉबर्ट मेपलथॉर्प. त्याची अट एकच, शर्टावर डाग नको. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरचा एका मित्राचा फ्लॅट, भिंतीवर दुपारच्या उन्हाचा एक त्रिकोण, दिवे-बिवे काही नाहीत. एकूण बारा फोटो काढले. बारा! आपण ताटातल्या मिसळीचे यापेक्षा जास्त काढतो.

त्याआधी काही वर्षं, गरिबीत दिवस काढत असताना, तिने मासिकांतून कीथ रिचर्ड्सचे फोटो कापून घेतले होते आणि आरशासमोर बसून ते बघत बघत स्वतःचे केस कापले होते. प्रेरणा म्हणतात ती अशी, कात्री घेऊन. आणि मुखपृष्ठ तयार झाल्यावर रेकॉर्ड कंपनीला ते विस्कटलेले केस एअरब्रशने नीट करायचे होते, तेव्हा तिने साफ नकार दिला. तो फोटो पन्नास वर्षांनंतरही जुना वाटत नाही याचं निम्मं श्रेय मी त्या नकाराला देते.

लंडनच्या पॉली स्टायरीनचा नकार याहून कडक. आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वडील सोमाली, जन्म १९५७. किंग्ज रोड या रस्त्यावर तेव्हा व्हिव्हियन वेस्टवूडचं दुकान होतं आणि पंक लोक तिथून काळं चामडं न् पट्टे घेत होते. म्हणजे बंडाचाही युनिफॉर्म तयार झाला होता, आणि तो स्वस्त नव्हता. त्याच रस्त्यावरच्या एका बाजारात पॉलीचा छोटासा गाळा होता. तिथे ती भडक डे-ग्लो रंगांचे, प्लॅस्टिकचे, जुनेपाने कपडे विकायची आणि तेच घालायची. दातांना तारा. त्या लपवायच्या म्हणून तोंड मिटून हसणं वगैरे काही नाही, तारा चमकवत माइकमध्ये ओरडायची. मला सेक्स सिंबॉल बनवायला गेलात तर डोकं भादरीन, असं तिने सांगून ठेवलं होतं. १९७८ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया पार्कात वंशवादाविरुद्धचा प्रचंड मोठा कार्यक्रम झाला, त्या सुमाराला तिने ते खरंच भादरलं.

सगळ्यांनाच इतकं टोकाला जावं लागत नाही. फ्लीटवूड मॅकची स्टीव्ही निक्स ही माझ्या मते या सगळ्यांत खरी इंजिनिअर. तिला रोज काय घालायचं ही डोकेदुखी नको होती, युनिफॉर्म हवा होता. मार्गी केंट नावाच्या शिवणाऱ्या बाईबरोबर बसून तिने तो एकदाच पक्का केला: टोकाटोकांचा काळा घागरा, शिफॉनच्या लांब बाह्या, उंच तळाचे बूट. बुटांचं कारण साधं. ही पाच फूट एक इंच आणि शेजारी उभा मिक फ्लीटवूड साडेसहा फुटांच्या घरातला. बाह्यांचा उपयोग स्टेडियममध्ये मागे बसणाऱ्याला कळतो. हात दिसला नाही तरी बाही दिसते. सत्तरीच्या दशकातली ही रचना तिने पुढे चाळीस-पन्नास वर्षं किरकोळ पॅच मारून चालवली. स्टीव्ह जॉब्जच्या काळ्या टर्टलनेकचं केवढं कौतुक झालं, निर्णय वाचवतो वगैरे. बाईने तोच कुर्ता दोनदा घातला की मात्र लिफ्टमध्ये विचारतात, "अगं, काल हाच होता ना?"

हापिसावरून आठवलं. एका कंपनीत असताना (नाव राहू दे) परदेशी क्लायंट येणार म्हणून मेल आला: टीममधल्या मुलींनी साडी नेसून, औक्षणाचं ताट घेऊन रिसेप्शनला उभं राहावं. मुलांना 'फॉर्मल्स'. ज्या मॉड्यूलचा डेमो होता ते मी लिहिलेलं, आणि मी ताट घेऊन उभी राहणार! मला साडी आवडते बरं का. आजीच्या दोन इरकली मी कुणाला हात लावू देत नाही. पण मी मॅनेजरला जाऊन सांगितलं की मी डेमो देईन, ओवाळणार नाही. दोन दिवस वातावरण तंग होतं. मग क्लायंटच्या माणसाने डेमोत तासभर प्रश्न विचारले आणि विषय मागे पडला. अप्रेझलमध्ये 'टीम स्पिरिट'समोर काय आलं ते सांगत नाही, तुम्ही ओळखलं असेलच.

साडीचाच विषय निघालाय तर उषा उथुप. हे रॉक नव्हे, पॉप म्हणा, पण मला त्या याच रांगेत दिसतात. मुंबईत, भायखळ्यात वाढलेल्या. १९६९ साली चेन्नईच्या नाइट क्लबात गायला उभ्या राहिल्या त्या साडी नेसून. क्लबात गाणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात गाऊन असायचा. समोर कांजीवरम, मोठं कुंकू, आणि त्यातून निघालेला तो भारदस्त आवाज! पुढे साडीखाली स्पोर्ट्स शूजही आले, तेही साडीच्या कापडाने मढवलेले. तासन् तास उभं राहून गायचं तर पाय दुखायला नकोत. औक्षणाची साडी आणि ही साडी, कापड तेच.

जोन जेटचं राहिलंच. रनअवेज १९७९ मध्ये फुटला. एकटीची रेकॉर्ड घेऊन ती तेवीस कंपन्यांकडे गेली आणि तेवीस जणांनी नाही म्हटलं. मग केनी लगुना या जोडीदाराबरोबर तिने १९८० मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. १९८२ मध्ये 'आय लव्ह रॉक अँड रोल' अमेरिकेत सात आठवडे पहिलं होतं. त्या चामड्याच्या जॅकेटचे फोटो 'रॉक चिक' यादीत असतात. तेवीस नकारांचे नसतात.

मी जॅकेट घेतलं नाही. पुण्यात ते वर्षातून किती दिवस घालणार? त्याऐवजी पांढरा सुती कपडा घेऊन लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या शिंप्याकडे गेले. म्हटलं, मास्तर, एकसारखे चार शर्ट शिवायचेत, सैल, पूर्ण बाहीचे.

"लेडीज का जेन्ट्स, ताई? बटणांची बाजू वेगळी असते."

"जेन्ट्स. आणि दोन खिसे."

"लेडीजना खिसा कशाला? फिटिंग बिघडतं."

"एकात फोन, एकात आयडी कार्ड."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, वहीत 'खिसे २' लिहिलं आणि खाली रेघ मारली. बुधवारी ट्रायल आहे.